मांजराची वाटी : एका न लिहिलेल्या आहाराचा शोध

आमच्या भोकरच्या घरी ठमी नावाची मांजर आहे. २०११ च्या पावसाळ्यात कडब्याच्या गंजीखाली सापडलेले ते पिल्लू आता चौदा वर्षांचे झाले आहे. गेल्या उन्हाळ्यात ठमी खाल्लेले ओकू लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड. पोट बिघडलेलेच असे. पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागत. "मांजर ओकतंच. गवत खाल्लं असंल," असे आई म्हणायची, आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे दुधात भाकर कुस्करून वाटी ओसरीवर ठेवायची. ठमी ती चाटूनपुसून खायची आणि तासाभराने कोपऱ्यात जाऊन ओकायची.

शेवटी टोपलीत घालून तिला नांदेडला नेले. उदगीरला शिकलेला तरुण पशुवैद्य. त्याने वजन केले, दात पाहिले, पोट चाचपले आणि विचारले, "खाती काय?"

"दूधभाकर."

"आणि?"

"आणि काय? आमच्यात जे असंल ते."

"काका, बैलाला काय घालायचं ते तुमी मला शिकवाल. म्हशीचं बी शिकवाल. ह्या जनावराला काय घालायचं, कुणी सांगितलं होतं का कधी?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. मी पशुवैद्य नाही, संस्कृतचा पंडितही नाही. तीस वर्षे जुने कागद आणि छापील ग्रंथ चाळण्याचा नाद तेवढा आहे. मांजर माणसाच्या घरात हजारो वर्षे राहते आहे. तिच्या आहाराबद्दल कोणी कधी काही लिहून ठेवले का, हे शोधायचे ठरवले. या शोधात जे सापडले आणि जे सापडले नाही, ते दोन्ही येथे मांडतो.

कोठारातली यादी

पहिला ग्रंथ हाती घेतला तो कौटिलीय अर्थशास्त्र. त्याची पोथी आर. शामशास्त्री यांना सापडली आणि १९०९ मध्ये छापून आली. पुढे आपल्या र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. दुसऱ्या अधिकरणाच्या पंधराव्या अध्यायात कोठाराच्या अध्यक्षाची कामे आहेत. धान्य किती, भरडल्यावर किती उरते, कोणाला रोज किती द्यायचे, असा काटेकोर हिशेब आहे. त्यात जनावरांचीही शिधायादी आहे. कुत्र्याला एक प्रस्थ शिजवलेला भात. हंस, क्रौंच आणि मोर यांना त्याच्या निम्मे. बाकीच्या पशुपक्ष्यांचे एक वेळचे खाणे पाहून अंदाज बांधावा, असे सांगून विषय संपतो.

मांजराचे नाव या यादीत नाही. धान्याच्या कोठाराचा अध्याय आहे, म्हणजे मांजराचे हक्काचे ठिकाण. तरी तिला शिधा नाही.

ती भेटते दुसरीकडे, चौथ्या अधिकरणात, जेथे दुष्काळ, पूर, रोगराई यांसारख्या संकटांवरचे उपाय आहेत. उंदरांचा उपद्रव झाला तर मांजरे आणि मुंगूस मोकळे सोडावेत, असे तेथे सांगितले आहे. या जनावरांना जो पकडील किंवा इजा करील त्याला बारा पण दंड. म्हणजे मांजराचे मोल राज्याला चांगले ठाऊक होते, तिला कायद्याचे संरक्षणही होते. फक्त जेवण नव्हते. कारण उघड आहे. ज्या कामावर तिला सोडले तेच तिचे जेवण होते. कुत्रा राखण करतो, पण चोर खात नाही, म्हणून त्याला भात द्यावा लागतो. मांजर चोरालाच खाते.

हे सूत्र हाती आल्यावर पुढची शांतता उलगडत गेली. घोड्यांसाठी शालिहोत्राच्या नावाची परंपरा आहे. हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे. शिकारी ससाण्यांना काय खाऊ घालावे, ते आजारी पडले तर काय करावे, यासाठी कुमाऊंच्या राजा रुद्रदेवाचे श्यैनिकशास्त्र आहे. ज्या जनावराचे पोट माणसाच्या हातून भरते त्याच्यासाठी शास्त्र तयार झाले. मांजराचे पोट माणसाच्या हातात नव्हतेच.

आपल्या भागाशी जवळचा ग्रंथ म्हणजे मानसोल्लास. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर तो आहे. कल्याणी म्हणजे लातूर जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. नांदेड जिल्ह्यातली होट्टलची देवळे त्याच राजवटीची. या ग्रंथात राजाच्या करमणुकींचे विनोद आहेत : हत्ती, घोडे, कोंबडे, लावे, मेंढे, रेडे, पारवे, कुत्रे, ससाणे. मांजराच्या नावाचा विनोद नाही. गंमत अशी, की याच ग्रंथात राजाच्या जेवणाचे जे प्रकरण आहे त्यात शेतातले उंदीर भाजून, तळून शिजवण्याची कृती दिली आहे. मांजराचे अन्न राजाच्या ताटात पोचले, पण मांजर ग्रंथात पोचले नाही.

राळे खाणारे म्हातारे मांजर

मांजर आणि माणूस यांची गाठ पडली ती धान्यामुळे. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, उंदीर आले, आणि उंदरांमागे तिथले वाळवंटी रानमांजर आले. आजची सगळी पाळीव मांजरे त्या एका जातीची वंशज आहेत, हे जनुकांच्या अभ्यासातून ठरले आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजर पुरलेले सापडले. बेटावर ते आपोआप गेले नसणार, कोणीतरी नावेतून नेले. आपल्याकडे सिंधू संस्कृतीच्या चन्हुदडो येथे एक वीट सापडली आहे. ती ओली असताना तिच्यावरून मांजर पळाले आणि मागोमाग कुत्रा. दोघांची पावले विटेत भाजून कायम झाली.

पण माझ्या प्रश्नाला सगळ्यांत जवळचे उत्तर चीनमधून आले. शान्शी प्रांतात छ्वानहूत्सुन नावाचे सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचे खेडे उकरले गेले. तिथल्या मांजरांच्या हाडांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडांतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या प्रमाणावरून प्राणी जन्मभर काय खात होता हे कळते. ते राळ्यावर जगणारे खेडे होते. तिथली मांजरे मुख्यतः राळे खाणारे प्राणी, म्हणजे उंदीर, खात होती. पण एका मांजराच्या हाडांत मांस कमी आणि राळे जास्त, असा हिशेब निघाला. त्याच जागी एक मांजर असेही मिळाले ज्याचे दात झिजले होते, म्हणजे ते म्हातारे होईपर्यंत जगले होते. अभ्यासकांनी शंका व्यक्त केली की काही मांजरे माणसांचे उरलेसुरले खात असावीत, किंवा माणसे त्यांना खाऊ घालत असावीत.

पुढे २०१६ मध्ये असेही ठरले की ती हाडे आजच्या पाळीव मांजराच्या पूर्वजांची नाहीत, आपण जिला वाघाटी म्हणतो त्या जातीच्या रानमांजराची आहेत. म्हणजे तो संसार फार काळ टिकला नाही. तरीही मी त्या ओळींपाशी बराच वेळ थांबलो. शिकार होत नाही, दात गेले आहेत आणि कोणीतरी पुढे राळ्याचा घास टाकते आहे. आमच्या ओसरीवरची भाकरीची वाटी एवढी जुनी असू शकते.

बळद, शिंके आणि वाटी

आता आपल्या घरात येऊ. माझ्या लहानपणचे घर माळवदाचे होते. जाड मातीच्या भिंती, भिंतीत बळद, कोपऱ्यात शेणाने सारवलेल्या कणग्या. त्याआधी वाड्यात पेव होते, असे आजी सांगायची. निजामाच्या काळी, लढाईच्या वर्षांत लेव्हीचे धान्य सक्तीने वसूल होई, तेव्हा घरच्या ज्वारीची काळजी जिवापाड असे. वर्षाची ज्वारी घरात, म्हणून वर्षभर उंदीर घरात, म्हणून मांजर घरात. ही साखळी कोणी शिकवली नव्हती, ती घराच्या बांधणीतच होती.

त्या घरात मांजराला वाटी मिळे, पण पोटभर मिळत नसे. "लई घालू नको, उंदीर धरायचं नाही," हे वाक्य मी शंभरदा ऐकले आहे. दुधाची वाटी हे जेवण नव्हते, ते बिदागीसारखे होते. असा विचार करणारे आपण एकटे नव्हतो. १८६८ मध्ये लंडनच्या टपाल खात्यात मनीऑर्डरच्या कचेरीत उंदरांनी कागद कुरतडले, तेव्हा तीन मांजरी रीतसर कामावर ठेवल्या गेल्या. त्यांच्या खाण्यासाठी आठवड्याला दोन शिलिंग मागितले होते. वरिष्ठांनी एकच मंजूर केला, आणि बाकीची कमाई उंदरांतून करावी असा शेरा दिला. कौटिल्याने न दिलेला शिधा, लंडनने निम्मा दिलेला शिधा आणि माझ्या आजीची अर्धी वाटी हे एकच धोरण आहे.

आपल्या म्हणीही पाहा. शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे फावले. मांजर डोळे मिटून दूध पिते. उंदराला मांजर साक्ष. यांतल्या एकाही म्हणीत मांजराला कोणी हाताने वाढत नाही. ती लबाडीने मिळवते, संधी साधते. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेकाठी हात वर करून तप करणारे ढोंगी मांजर येते. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या मोठ्या शिल्पपटात तपाला उभे असलेले मांजर आणि त्याच्या पायाशी उंदीर कोरले आहेत. मांस खाणे हा तिच्या देहाचा धर्म होता, आपण तो तिचा दुर्गुण मानला.

भोकरपासून तेलंगणाची हद्द जवळ आहे. आठवडी बाजारात तेलुगू कानावर पडते, आणि तेनालीरामाच्या गोष्टी आमच्याकडे त्या वाटेने आल्या. उंदीर फार झाले म्हणून राजाने घरोघरी मांजर दिले, आणि मांजराच्या दुधासाठी एकेक गाय दिली. तेनालीरामाने मांजरापुढे पहिल्याच दिवशी कढत दूध ठेवले. तोंड पोळलेले मांजर पुन्हा दुधाकडे फिरकले नाही, आणि गाईचे दूध तेनालीरामाच्या घरी. राज्याने मांजराला शिधा दिल्याचा माझ्या ऐकिवातला हा एकमेव दाखला, आणि तोही मांजराच्या मुखी लागला नाही. आता कळते की ते दूध न मिळाल्याने मांजराचे फारसे बिघडले नसेल.

अमरावतीचा डॉक्टर

इंग्रजी अमदानीत एकदाच मांजर सरकारी चर्चेचा विषय झाले, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गावेच्या गावे ओस पडली. उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरवते हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये दाखवले, आणि १९०५ नंतर मुंबईत प्लेग कमिशनच्या प्रयोगांनी ते पक्के झाले. अशा वेळी अमरावतीला असलेले लष्करी वैद्यक सेवेतले डॉक्टर अँड्र्यू बुकॅनन यांनी वऱ्हाडातल्या खेड्यांत मांजरांकडे लक्ष वळवले. जेथे मांजरे भरपूर तेथे प्लेग कमी, असे त्यांचे निरीक्षण होते. १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी प्लेगला आळा घालणाऱ्या मांजरांवर लेख लिहिला आणि घरोघर मांजर पाळावे असा आग्रह धरला.

आज आपल्याला माहीत आहे की मांजरालाही प्लेग होऊ शकतो आणि तिच्यापासून माणसालाही होऊ शकतो, म्हणून तो उपाय वाटला तितका सरळ नव्हता. पण मला त्यातली दृष्टी महत्त्वाची वाटते. कौटिल्यापासून बुकॅननपर्यंत प्रश्न एकच आहे : मांजर किती उंदीर मारते? मांजराचे स्वतःचे काय होते, हा प्रश्न कोणाच्या वहीत नाही. १८८६ मध्ये परळला बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज सुरू झाले ते घोड्यांच्या आणि गुरांच्या गरजेतून. आपल्या परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ चे, उदगीरचे १९८७ चे. तीही शेतकऱ्याच्या गोठ्यासाठीच निघाली, आणि ते योग्यच होते.

उंदीर गेले, वाटी राहिली

१९७२ च्या दुष्काळात मी अगदी लहान होतो. आजी सांगायची, की त्या साली कणग्या रिकाम्या पडल्या, माणसे लाल मिलो आणि सुकडीवर जगली, आणि गावातली मांजरे दिसेनाशी झाली. धान्य नाही म्हणून उंदीर नाहीत, उंदीर नाहीत म्हणून मांजर नाही.

दुष्काळ सरला तेव्हा मांजरे परत आली. पण नंतर जे घडले ते कायमचे होते, आणि ते दुष्काळासारखे दिसले नाही म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. ज्वारी घरात राहत असे, सोयाबीन काढणी झाली की मोंढ्यात जाते. कणगी गेली, पत्र्याची कोठी आली. माळवद पाडून स्लॅब पडला, मातीची जमीन जाऊन फरशी आली. शेतात झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या पडू लागल्या. आमच्या घरात आता उंदीर औषधालाही नाही.

मांजर मात्र राहिले. आणि दुधाची वाटीही राहिली, फक्त तिचा अर्थ बदलला. जी बिदागी होती तीच सगळी मजुरी झाली. पूर्वी मांजर दिवसभर उंदीर, पाली, टोळ, चिमण्या खाऊन संध्याकाळी वाटी चाटायचे. दूध पचले नाही तरी चालून जायचे, कारण पोट दुसऱ्या अन्नावर उभे होते. ठमी तरुणपणी परसात काही ना काही धरायची. दहा वर्षांची झाल्यावर तिचे धरणे थांबले, आणि ती संपूर्णपणे आमच्या वाटीवर आली. त्या दिवसापासून तिची उपासमार सुरू झाली होती. आम्ही तिला भरवत होतो, म्हणून ती आम्हाला दिसली नाही.

म्हातारे मांजर हीच मुळात नवी गोष्ट आहे. माझ्या लहानपणी मांजर म्हातारे झालेले मी पाहिले नाही. ते एके दिवशी येईनासे व्हायचे. "गेलं कुठंतरी," एवढेच आम्ही म्हणायचो.

देहाने लिहून ठेवलेले

ग्रंथांत जे नव्हते ते शेवटी मांजराच्या देहातच लिहिलेले निघाले, आणि ते वाचायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. १९७५ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवले, की टॉरिन नावाचा पदार्थ खाण्यातून मिळाला नाही तर मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो आणि ते आंधळे होते. माणूस टॉरिन शरीरात बनवतो, मांजराला ते पुरेसे जमत नाही. उंदराच्या मांसात ते भरपूर असते, भाकरीत नसते. १९८७ मध्ये त्याहून धक्कादायक गोष्ट पुढे आली. टॉरिन कमी पडल्याने मांजरांचे हृदय निकामी होत होते, आणि त्यांतली अनेक मांजरे कारखान्यात बनलेले तयार खाद्य खात होती. टॉरिन दिल्यावर हृदय सुधारले. त्यानंतर कारखान्यांनी आपल्या कृती बदलल्या. प्रयोगशाळा असलेल्या कारखान्यांना जे १९८७ पर्यंत उमगले नाही, ते माझ्या आईला उमगले नाही याचा दोष तिला कसा द्यावा?

२००५ मध्ये असे कळले की गोड चव ओळखणारे एक जनुक मांजरात निकामी झालेले आहे. दुधात साखर घातली तरी तिला ती कळत नाही. दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज पिल्लू दूध सोडते तसे कमी होत जाते, म्हणून मोठ्या मांजराला दुधाने पोट बिघडते. दूध आवडते ते त्यातल्या स्निग्धतेमुळे. आवडणे आणि मानवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मधुमेही माणसाला सांगावे लागत नाही.

सगळ्यांत उलटा निघाला तो आपला पथ्याचा विचार. म्हाताऱ्या माणसाला आपण हलके देतो : पेज, मऊ भात, खिचडी. मांजराचे तसे नाही. दहा-बारा वर्षांनंतर अनेक मांजरांची स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने पचवण्याची ताकद कमी होते, म्हणजे त्यांना कमी नव्हे, अधिक चांगले मांसल अन्न लागते. पेज तिच्यासाठी जड आहे आणि मांस हलके. लंघन तर तिला चालतच नाही. दोन-तीन दिवस मांजर उपाशी राहिले की यकृतात चरबी साठून ते दगावू शकते. गंगेकाठच्या त्या तपस्वी मांजराला व्रत खरोखर झेपलेच नसते.

ओसरीवर

नांदेडच्या डॉक्टरने आधी रक्त, लघवी आणि शी तपासली. म्हाताऱ्या मांजराचे वारंवार ओकणे हे 'मांजर ओकतंच' म्हणून सोडायचे नसते. मूत्रपिंड, थायरॉइड, जंत, दात, आतड्याची सूज, कशानेही ते होऊ शकते, आणि त्यावरच आहार ठरतो. ठमीचे दोन दात किडलेले निघाले, ते काढले. मूत्रपिंड वयाच्या मानाने बरे होते. आतडे नाजूक झाले होते.

मग त्याने कागदावर लिहून दिले, आणि मला वाटले, अर्थशास्त्राच्या यादीत राहून गेलेली ओळ अखेर कोणीतरी लिहिली. दूध बंद. एकाच प्रकारच्या मांसाचे, नाजूक पोटाच्या मांजरासाठीचे ओले खाद्य. एकदम बदल नाही : पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवे आणि बाकी जुने, मग निम्मे, मग पाऊण, दहा दिवसांत पूर्ण. तिच्या बाबतीत जुने म्हणजे दूध वगळून भाकर. दिवसाचे खाणे चार-पाच वेळा, थोडे थोडे, कोमट करून. पाण्याचे भांडे खाण्यापासून दूर. कांदा-लसणाचे काहीही नाही, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दर आठवड्याला वजन. महिनाभर दुसरा घास नाही, नाहीतर काय मानवले ते कळणार नाही.

"उकडलेली कोंबडी चालंल का?" मी विचारले.

"पंधरा दिवस चालंल. जन्मभर नाही. नुसत्या मांसात चुना नाही, बाकीबी कमी पडतं. उंदीर ती हाडांसकट, आतड्यासकट खात होती."

खरी अडचण घरी होती. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या अंडेसुद्धा आलेले नाही. पाकिटावर मांसाचे नाव वाचून दाखवले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "उंदीर ती तिच्या तोंडानं मारायची. त्ये तिचं होतं. आता मारल्यालं माझ्या हातानं वाढायचं व्हय?"

या लेखासाठी मी जे जे वाचले त्यात एवढा नेमका प्रश्न मला कोठे भेटला नाही. मांजराचा आहार हजारो वर्षे कोणी लिहिला नाही, याचे एक कारण आईच्या या वाक्यात आहे. मांजर आपली हिंसा आपण करत असे. आपल्याला धान्य राखून मिळे आणि हात स्वच्छ राहत. शाकाहारी घराचे धान्यसुद्धा मांजराच्या दातांनी राखले, हे आपण कधी मोजले नाही. आता घराने तिचे उंदीर काढून घेतले, आणि त्या दातांची जबाबदारी आपल्या दारात येऊन बसली.

मी आईला पटवले असे म्हणणार नाही. चीनच्या मांजराची गोष्ट सांगितली, ती तिने ऐकून घेतली. पहिले पंधरा दिवस मीच पाकीट फोडत होतो, चुलीपासून लांब, वेगळ्या चमच्याने. सातव्या दिवशी ओकणे थांबले. पाचव्या आठवड्यात वजन तीनशे ग्रॅमने वाढले. वहीत मी तारीखवार लिहीत होतो, तो आकडा आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही.

गेल्या महिन्यात कामानिमित्त दोन दिवस परभणीला राहावे लागले. परत आलो तर ठमीची वाटी धुऊन ओसरीवर पालथी घातलेली होती आणि फोडलेली रिकामी पाकिटे दोरीने बांधून खुंटीला लावलेली. शेजारच्या पोराला बोलावून घातले का, असे मी विचारले. आई म्हणाली, "पोरगं कशाला? वेळच्या वेळी घालावं लागतं म्हनला होतास ना." आणि हात धुवायला न्हाणीत गेली.

वाटी तीच आहे, काठाला पोचा आलेली पितळी. दूधभाकरीची.